डोळे मिटून, हात वर

कपडे धुण्याचं मशीन अगदी व्यवस्थित चालत होतं. सकाळीच वहिनीने त्यात चादरी धुऊन वाळत घातल्या होत्या. दुपारची जेवणं आटोपली, तसे काका हात पुसत मागच्या गॅलरीत गेले, मशीन रिकामंच चालू केलं, त्याला कान लावला आणि नाराजीने मान हलवली.

"आवाज बरोबर नाही," ते म्हणाले.

"काका, गेल्या महिन्यात तर घेतलंय," वहिनी म्हणाली.

"तेच तर. नव्याच्या दुखण्याकडे कोणी बघत नाही."

खिशातून पेचकस निघाला आणि काका गॅलरीत मांडी ठोकून बसले. वहिनीने दादाकडे बघितलं, दादाने छताकडे बघितलं. खरं म्हणजे काका तिथे का जाऊन बसले ते टेबलाभोवतीच्या चौघांनाही कळलं होतं. आज त्यांच्याविषयी बोलायचं होतं, आणि त्यांच्यासमोर बोलणं या लेकरांच्या जिवावर येणार, हे त्यांना न सांगता ठाऊक होतं. एका चांगल्या मशीनचे हाल झाले ते असे, सौजन्यापोटी.

घड्याळं आणि रेडिओ दुरुस्तीचं दुकान अण्णांनी आणि काकांनी मिळून चालवलं. थोरला भाऊ गल्ल्यावर, धाकटा भाऊ बाकावर. अण्णा गेले, दुकान मंदावलं, तरी काका मागच्या खोलीत राहत राहिले, कारण त्यांना दुसरीकडे कुठे झोपच लागत नसे. आता ती अख्खी इमारत पाडायची होती. महिनाअखेरीला खोली रिकामी करायची, म्हणजे काकांनी कुठे जायचं? त्यांनी लग्न केलं नव्हतं. मुलंबाळं म्हणजे ही भावाचीच तीन: दादा, मधली बहीण आणि धाकटा. आईवडिलांचं कोणी करायचं यावर निदान जगाची काही रीत असते. बिनलग्नाच्या काकाचं कोणी करायचं, याची काहीच रीत नाही. घोडं तिथेच अडलं होतं.

मधलीला घरात सगळे प्रोफेसर म्हणतात. कॉलेजात ती गणित शिकवते, आणि गणितातलंही ते, ज्यात माणसं एकमेकांचा अंदाज घेऊन वागतात. मी असं केलं तर तो तसं करील, तो तसं करणार हे मला ठाऊक आहे हे त्यालाही ठाऊक आहे, असं ते लांबत जातं. दादा त्याला कारस्थानांचं गणित म्हणतो. तिला स्वतःला ते जगातलं सगळ्यात प्रामाणिक गणित वाटतं, कारण त्यात माणूस चांगला आहे असं आधीच गृहीत धरलेलं नसतं.

चहा आला. दादाने घसा साफ केला.

"काकांसारखा माणूस मिळणार नाही," तो म्हणाला.

"शोधून सापडणार नाही," धाकटा म्हणाला.

"देवमाणूस," वहिनी म्हणाली.

घरातल्या माणसाची अशी एकसुरात स्तुती सुरू झाली की समजावं, त्याचं काही खरं नाही. प्रोफेसरने बिस्किट चहात बुडवलं आणि वाट बघत राहिली.

"माझं म्हणशील," दादा म्हणाला, "तर मी आज नेईन. खाली चष्म्याचं दुकान, वर घर. पण दुकानात काय आहे? डोळे तपासायचं यंत्र. परवा फक्त दहा मिनिटं काकांना दुकानात बसवून मी वर आलो. परत गेलो तर भिंग एकीकडे, दिवा एकीकडे. आणि समोर गिऱ्हाईक एका डोळ्यावर हात ठेवून बसलेलं. कधीपासून कोण जाणे."

"माझी रात्रपाळी," वहिनी म्हणाली. ती दवाखान्यात नर्स आहे. "मी दिवसा झोपते, आणि हे दिवसा ठोकतात. मला ते आवडतात हो. पण झोपेत कोण कोणाला आवडतं?"

"आमच्याकडे बाळ येतंय," धाकटा म्हणाला. तो पोहायला शिकवतो, आवाज मोठा, मन मऊ. बायकोला डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलं होतं म्हणून एकटाच आला होता. "नाहीतर मी इतका विचारच केला नसता."

मग तिघेही चहाकडे बघायला लागले. प्रोफेसरकडे कोणी बघत नव्हतं, आणि इतकं ठरवून न बघणं हेही एक बघणंच असतं.

"बोला की," ती म्हणाली.

"नाही, म्हणजे," दादा म्हणाला, "तुझ्याकडे ती एक खोली…"

"त्यात माझी पुस्तकं आहेत."

"पुस्तकं उभी राहतात गं. काकांना आडवं व्हायला लागतं."

धाकटा हसला आणि तिची नजर बघून गप्प झाला. तिला राग आला होता, आणि त्या रागाला जागा होती. आई आजारी पडली तेव्हा रजा तिने काढली. अण्णांचे शेवटचे महिने तिच्या घरी गेले. एकटी बाई म्हणजे या घरातली राखीव खोली, कुणीही कधीही किल्ली मागावी. संध्याकाळी दार लावून दिवा लावला की जी शांतता उतरते, ती तिने पन्नाशीला येऊन मिळवली होती. काकांवर तिचा जीव होता. आई दवाखान्यात असताना शाळेत जायच्या आधी काकाच तिची वेणी घालायचे, आणि ती वायर गुंडाळल्यासारखी इतकी घट्ट बसायची की दिवसभर भुवया वर ओढलेल्या राहायच्या. बाई विचारायच्या, तुला कसलं एवढं आश्चर्य वाटतंय? हे सगळं खरं. पण वेणी घालणारा माणूस वेगळा, आणि फ्रिज उघडून बसणारा माणूस वेगळा.

"मी एक ठिकाण बघून आलोय," दादा हळू आवाजात म्हणाला. "म्हाताऱ्या माणसांसाठीचं. बाग आहे, डॉक्टर येतात, लिफ्ट आहे. माणसं चांगली वाटली."

गॅलरीतून कसलातरी पत्रा घरंगळल्याचा आवाज आला.

"काकाआजोबांना माहितीये?" दारातून प्रश्न आला.

ही दादाची मुलगी. तिसरीत आहे, आणि प्रश्न विचारायची सवय बघून काकांनी तिचं नाव वकीलसाहेब ठेवलं आहे. दर रविवारी आत्या येते आणि दोघी खेळ खेळतात. एकीने खाऊचे दोन वाटे करायचे, दुसरीने आधी उचलायचा, म्हणजे वाटे करणारी आपोआप सरळ वागते. मुलांना नुसतं चांगलं वागा म्हणू नये, खेळाचा नियमच असा करावा की चांगलं वागणं परवडेल, असं आत्याचं मत. खरं बोलावं हे रोज सांगावंच लागतं, असं दादाचं मत. मुलं आपलं ऐकत नाहीत, आपल्याकडे बघतात, असं वहिनीचं मत, पण तिला बोलायला वेळच नसतो.

"तू आत जा," दादा म्हणाला.

"मला आतूनही ऐकू येतं," वकीलसाहेब म्हणाल्या.

तेवढ्यात धाकट्याने टेबलावर थाप मारली. "अण्णा असते ना, तर म्हणाले असते, मिटा."

आणि चौघांच्याही चेहऱ्यावर एकदमच काहीतरी सैल झालं.

हा या घराचा खास रिवाज. कोणालाच नको असलेलं काम निघालं, पाण्याची टाकी घासायची असो किंवा शेजाऱ्याला जाऊन सांगायचं असो की तुमची काच आमच्या चेंडूने फुटली, की अण्णा सगळ्यांना टेबलाशी बसवायचे आणि म्हणायचे, "मिटा." सगळ्यांनी डोळे मिटायचे. ज्याची तयारी असेल त्याने गुपचूप हात वर करायचा. उघडे डोळे फक्त अण्णांचे. मग ते म्हणायचे, "उघडा. झालं काम." कोणाचा हात वर होता ते कधीच सांगायचे नाहीत. मिरवायला वाव नाही, कोणी मागे राहिला तर त्याची शोभा नाही. प्रोफेसर दर वर्षी पहिल्या तासाला मुलांना हे सांगायची आणि म्हणायची, मला हा विषय शिकवणारा पहिला माणूस शाळा अर्धवट सोडलेला होता.

"पण बघणार कोण?" वहिनीने विचारलं. "अण्णांच्या जागी?"

"ज्याच्या घराचा प्रश्न नाही तो," धाकटा म्हणाला आणि दाराकडे बघायला लागला.

"लहान मुलांना यात ओढायचं नाही," दादा म्हणाला.

"ती मघापासून यातच आहे," वहिनी म्हणाली.

प्रोफेसरने मुलीला जवळ बोलावलं. "हे बघ. आम्ही डोळे मिटतो. काकाआजोबांना आपल्या घरी न्यायची ज्याची तयारी आहे, तो हात वर करील. तू नीट बघायचं. नाव कोणाचंच सांगायचं नाही. किती हात होते एवढंच सांगायचं. जमेल?"

"कोणी वर केलाय आणि कोणी नाही, ते मला कळणार. आणि ते मी कधीच सांगायचं नाही."

"कधीच नाही."

"कठीण आहे," वकीलसाहेब म्हणाल्या आणि खुर्चीवर चढून उभ्या राहिल्या. "मिटा."

चौघांनी डोळे मिटले.

अंधारात प्रोफेसरला आधी स्वतःचा श्वास ऐकू आला, मग गॅलरीतली खुडबुड. तिचा उजवा हात मांडीवर होता. तिने मनात हिशेब मांडला, आणि हिशेब सोपा होता. चौघांतल्या एकाने हात वर केला की काम झालं. दादा मोठा आहे, तो करील. धाकट्याचं मन लोण्याचं, तोही करील. वहिनी तोंडाने फटकळ, पण आजवर तिने कोणाला दारातून परत पाठवलेलं नाही. तिघांतला एक तरी करणारच, मग मी का? माणसं जितकी जास्त तितका प्रत्येक जण दुसऱ्यावर टाकून मोकळा होतो, हे ती पोरांना फळाभर लिहून दाखवायची. आज ते फळ्यावर नव्हतं, मांडीवर होतं. हात उचलावासा वाटला, खरंच वाटला. पण तिला आपला दिवा दिसला, आपलं लावलेलं दार दिसलं, आणि हात तिथेच राहिला.

"उघडा," मुलगी म्हणाली.

"किती?" दादाने विचारलं, नको तितक्या मोठ्याने.

मुलीने एकदा चौघांकडे बघितलं. "चार," ती म्हणाली. "सगळ्यांचे."

प्रोफेसरचे कान तापले. आपला हात खाली होता हे तिला ठाऊक होतं. म्हणजे पोरीने तिला सांभाळून घेतलं. तिघांनी हात वर केले, एकटी आत्या तेवढी अंग चोरून बसली, आणि दर रविवारी खेळ खेळणाऱ्या आत्याची लाज जाऊ नये म्हणून त्या एवढ्याशा पोरीने चार म्हणून सांगितलं. आयुष्यात इतकं ओशाळवाणं तिला कधी वाटलं नव्हतं.

"मी तर म्हणतच होतो," दादा म्हणाला. "शेवटी मी मोठा आहे. माझ्याकडेच यायला हवेत ते."

"आणि बाळाला आजोबा नकोत?" धाकटा म्हणाला.

"दिवसा झोपले नाही तर मरते का मी?" वहिनी म्हणाली. "कानात बोळे घालीन."

काय सांगावं, मघाशी ज्या माणसाला कुठे ठेवायचं म्हणून घाम फुटला होता, त्याच्यासाठी आता ओढाताण सुरू झाली. दादा गॅलरी बंद करून खोली काढायला निघाला. धाकटा म्हणाला, दादा, तू नेहमीच सगळं आपल्याकडे ओढतोस. दादा म्हणाला, मी ओढतो? अण्णांचं घड्याळ कोणी नेलं? वहिनी, जी एरवी दिराची बाजू घेते, ती नवऱ्याच्या बाजूने उभी राहिली, आणि प्रोफेसर, जी एरवी दादाशी भांडते, ती एक शब्द न बोलता उठली. मुलगी कधीच आपल्या खोलीत निघून गेली होती. प्रोफेसर तिकडे निघाली तर मागोमाग दादाही लगबगीने आला, बहिणीला ओलांडून आत शिरला, क्षणभरात बाहेर आला आणि म्हणाला, "गृहपाठ बघत होतो."

त्याने पोरीचा गृहपाठ जन्मात बघितला नव्हता.

मुलगी पलंगावर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. आत्याला बघून तिने सुस्कारा सोडला. "तूपण?"

"तूपण म्हणजे?"

"छोटाकाका पाणी प्यायला म्हणून उठला आणि इथे येऊन मला थँक्यू म्हणाला. आई आली आणि काही न बोलता माझी पापी घेतली. बाबा आले आणि म्हणाले, तू माझ्यापेक्षा मोठी झालीस. मी कोणालाच काही सांगितलं नाहीये हं. मी नियम पाळलाय."

प्रोफेसर दाराला टेकली. ती गणिताची बाई, तिला बेरीज करायला वेळ लागला नाही.

"एकाचाही नव्हता," ती म्हणाली.

मुलीने मान खाली घातली.

"मग चार का म्हणालीस?"

"शून्य म्हटलं असतं तर तुम्ही काय केलं असतं, माहितीये? एकमेकांकडे बघितलं असतं, आणि तुम्हाला बरं वाटलं असतं. आमच्या वर्गात एक मुलगा डबा आणत नाही. बाईंनी विचारलं, याला कोण रोज थोडं थोडं देईल? कोणीच हात वर केला नाही. मग आम्ही सगळ्यांनी मागेपुढे बघितलं. कोणाचाच नाही म्हटल्यावर सगळे हसले. मीपण हसले." तिने नाक पुसलं. "तो नाही हसला. मला वाटलं, तुम्हाला वाटलं पाहिजे की बाकीच्यांनी केला आणि मीच नाही केला. मग लाज वाटेल."

प्रोफेसर पलंगावर बसली. माणूस बरोबर काय आहे ते बघून वागत नाही, बाकीचे काय करतात ते बघून वागतो. आणि बाकीचे काय करतात हे कोणीतरी त्याला फक्त सांगितलं, तरी तो बदलतो. हेच शिकवता शिकवता तिचे केस पांढरे झाले होते. तिला इतका अभिमान वाटला की तिने पोरीला छातीशी धरलं, आणि त्याच वेळी इतकी शरम वाटली की तिने तोंड पोरीच्या केसांत लपवलं.

"आत्या, पण मी खोटं बोलले," मुलगी तिच्या खांद्यात म्हणाली. "माझ्या पोटात दुखतंय."

"माझ्याही दुखतंय," आत्या म्हणाली. "तुझं खोटं माझ्या खात्यावर. चार मोठी माणसं हात खाली ठेवून बसली म्हणून ते एका लहान मुलीला बोलावं लागलं. मी बाहेर जाऊन खरं काय ते सांगते."

"मग ते परत नाही म्हणतील."

"म्हणतील कदाचित."

"मग काकाआजोबा?"

"मग मी हो म्हणेन."

मुलीने मान मागे घेऊन तिच्याकडे नीट बघितलं. "मनापासून?"

या पोरीशी खोटं बोलायची आज सोय नव्हती. "अर्ध्या मनापासून," आत्या म्हणाली. "उरलेलं अर्धं हळूहळू येईल. ते नेहमीच उशिरा येतं माझं."

दोघी बाहेर आल्या तेव्हा भांडण अण्णांच्या घड्याळावरून आईच्या शिवणयंत्रापर्यंत पोचलं होतं.

"माझा हात खाली होता," प्रोफेसर म्हणाली.

दादाने चष्मा काढला. वहिनी सगळ्यात आधी बोलली, कारण तिला उगाच ताटकळत राहणं आवडत नाही. "माझाही."

"तुझाही?" दादा म्हणाला.

"तुमचा?"

दादाने चष्मा पुसायला घेतला. तो स्वच्छच होता. "नव्हता," तो म्हणाला.

"च्यायला," धाकटा म्हणाला, "म्हणजे मी एकटाच नाही."

आणि तो हसला. त्याचं हसणं मोठं, त्याने दादाला हसू आलं, दादामुळे वहिनीला, आणि तिघेही टेबलावर वाकून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. केवढं ओझं उतरलं त्यांचं. प्रोफेसरलाही हसू फुटत होतं, तेवढ्यात तिने भाचीकडे बघितलं. मुलगी हसत नव्हती. ती फक्त बघत होती. आता तिच्या वर्गात झालं तसंच होणार होतं.

"असो," दादा डोळे पुसत म्हणाला. "म्हणजे मी म्हणतो, ते ठिकाण सगळ्यांनी एकदा जाऊन बघायला तर काही हरकत नाही."

प्रोफेसरने हात वर केला. शाळेत करतात तसा, सरळ, कोपर ताठ. डोळे उघडे.

"काय?" दादाने विचारलं.

"काही नाही. काका माझ्याकडे येतील. माझा हात आता वर आहे, आणि सगळ्यांनी बघून घ्या, कारण मी तो फार वेळ धरणार नाही."

"ताई, तू मघाशी…"

"मघाशी मला वाटलं तुम्ही कराल. तुम्हाला वाटलं मी करेन. अण्णा असते तर काय झालं असतं कोण जाणे. आता मला ठाऊक आहे की कोणीच करणार नाही, आणि हे ठाऊक असताना माझ्याच्याने हात खाली ठेवला जात नाही. पण एक आहे. मी एकटी आहे म्हणून मी हे करत नाहीये. तसं कोणी समजलं तर मी आत्ताच हात खाली घेते."

हे शेवटचं ती इतकी वर्षं बोलली नव्हती. वहिनी उठली, तिच्या शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "आठवड्यातले दोन दिवस ते आमच्याकडे. माझ्या सुट्टीचे. अहो, मान हलवा." दादाने मान हलवली. धाकटा म्हणाला, मी रोज सकाळी येऊन त्यांना फिरायला नेईन, तलावावर नेईन, हवं तर पोहायला शिकवीन.

"पाण्यात उघडण्यासारखं काही नसतं," गॅलरीच्या दारातून काका म्हणाले.

ते किती वेळ उभे होते कोणाला कळलं नव्हतं. बाह्या वर सरलेल्या, कपाळाला काळा डाग. "मशीनचा आवाज गेला," ते म्हणाले.

"चालतं का?" वहिनीने विचारलं.

"ते उद्या बघू."

"काका, तुम्ही ऐकलंत का सगळं?" प्रोफेसरने विचारलं.

"खिडकी उघडी होती. आणि मी सगळा जन्म बारीक आवाज ऐकत काढला."

एकही हात वर झाला नव्हता, हे त्या माणसाने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. काका टेबलाशी आले, अण्णांच्या जागी बसले. रागावलेले नव्हते. पण एरवी बसल्या बसल्या ते समोरची वस्तू उचलून उलटी करून बघत, आज त्यांनी काहीच उचललं नाही.

"वाईट वाटून घेऊ नका रे," ते म्हणाले. "मला घरी न्यायचं म्हटल्यावर मीसुद्धा हात वर केला नसता. पण अण्णाच्या या खेळात एक खोट आहे. हो म्हणायला हात उचलावा लागतो, आणि हात जड असतो. आपण एकदा उलटा खेळून बघू. ज्याला मी नको असेन त्याने हात वर करायचा. मी बघीन, पण कोणाला सांगणार नाही, रागही धरणार नाही. एक जरी हात दिसला तरी मी दादाच्या त्या बागेत जाईन, आणि मजेत जाईन. तिथे लिफ्ट आहे ना? लिफ्ट मी अजून उघडलेली नाही."

"काका, हे नको," दादा म्हणाला.

"मिटा," काका म्हणाले.

तिघांनी डोळे मिटले. प्रोफेसरनेही मिटले, आणि या वेळी अंधारात तिला कसलाच हिशेब सुचला नाही. कोणाचा तरी हात वर गेला तर, एवढंच डोक्यात होतं. शेजारी कापड सळसळलं. लहानपणापासून तिने हा नियम कधी मोडला नव्हता, डोळे किलकिलेसुद्धा केले नव्हते. आज तिने ते सरळ उघडले.

दादाचे दोन्ही तळवे टेबलावर पालथे होते. वहिनीने एका हाताने पदर घट्ट धरला होता, दुसरा प्रोफेसरच्या खुर्चीवर होता. धाकटा लहानपणी बसायचा तसा हातांवर बसला होता, एवढा मोठा गडी. आणि समोर काका. ज्यांनी बघायचं होतं, तेच डोळे गच्च मिटून बसले होते. बघायची हिंमत त्यांना झाली नव्हती.

खोलीत उघडे डोळे दोघींचेच होते, आत्याचे आणि भाचीचे.

"वकीलसाहेब," काका म्हणाले, डोळे न उघडता. "आहात ना?"

"आहे."

"बघताय ना?"

"बघतेय."

"मग सांगा."

मुलीने घाई केली नाही. तिने एकेकाचे हात पुन्हा बघितले, धाकट्याचे दिसत नव्हते म्हणून वाकून बघितले.

"एकही नाही," ती म्हणाली.

काकांनी डोळे उघडले नाहीत. "मघासारखं सांगताय?"

"नाही, काकाआजोबा. खरं सांगतेय."

म्हातारा तसाच बसून राहिला. त्याला विश्वास ठेवायचा होता, आणि ठेवता येत नव्हता.

"काका," प्रोफेसर म्हणाली, "मीपण बघतेय. खरंच एकही नाही."

तेव्हा कुठे त्यांनी डोळे उघडले.